नऊ कोटी, ऑइलपेंटमध्ये

“शून्यं मोज रे! आधी शून्यं मोज! सात पायजेत, सात! एक जरी कमी पडलं ना, तर माज्या पुतन्याची दीर्घिका भाईंदरला येऊन पडंल!”

शनिवारी दुपारी चारच्या उन्हात काका शिडीच्या पायथ्याशी उभे राहून ओरडत होते. शिडीवर पेंटर होता. त्याने ब्रश खाली केला, मान वळवली आणि म्हणाला, “काका, पाच झालीत. तुम्ही ओरडलात की मी विसरतो.”

“मग मी गप ऱ्हातो.”

“ऱ्हावा.”

“पन सात काढ!”

शिडी मी धरली होती आणि शिडी थरथरत होती. पेंटरला वाटलं, खाडीकडून वारा सुटलाय. वारा अजिबात नव्हता. थरथरत मी होतो, कारण तो जो आकडा पांढऱ्या ऑइलपेंटमध्ये रंगवत होता तो चुकलेला असावा असा मला गुरुवारपासून संशय होता, आणि तो संशय जगात माझ्याखेरीज कोणालाच ठाऊक नव्हता.

काकांच्या आवाजाबद्दल आधीच सांगून ठेवतो. आमच्या गावाला भोंग्याची गरज कधी पडली नाही. एकदा त्यांनी बांधावरून आमच्या म्हशीला हाक मारली, तर खाडीपलीकडच्या तीन म्हशी पोहत आल्या. चौथीही निघाली होती, तिला मालकाने शेपटीला धरून थांबवलं. हे शंभर टक्के खरं आहे. तीनमधली एक कदाचित रेडी असेल, एवढीच दुरुस्ती.

मी असा वाढवून सांगतो हे गावाला माहीत होतं. नाक्यावर मी तोंड उघडलं की लोक आपोआप निम्म्याने भागायचे. मी पाच फुटी साप म्हणालो की ते अडीच फूट धरायचे, आणि तेवढाच असायचा. चांगली चाललेली व्यवस्था होती.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. मी मुंबईतल्या एका संशोधन संस्थेत पीएच.डी. करत होतो, म्हणजे सहा वर्षं करतच होतो. विषय: एका दीर्घिकेचं अंतर. त्या दीर्घिकेच्या पोटात एक कृष्णविवर आहे, त्याच्याभोवती वायूची तबकडी फिरते, आणि तिच्यात पाण्याची वाफ आहे. भाताच्या टोपावरची वाफ दिसते न दिसते तोच विरते. ही वाफ मात्र रेडिओलहरी सोडते, सव्वा सेंटीमीटरहून जरा लांब, सगळ्या एका सुरात, आणि इतक्या जोरात की कोट्यवधी वर्षांनी इथे ऐकू येतात. काकांच्या घरात वाढलेल्या माणसाला हाच विषय मिळायचा होता.

काकांना मी हे मळणीवरून समजावलं होतं. खळ्यात तिवड्याभोवती, म्हणजे मधल्या खांबाभोवती, बैल फिरतायत. बैल किती जोरात चालतो ते ठाऊक आहे आणि तो किती लवकर वळतो तेही ठाऊक आहे, तर खळं केवढं ते काढता येतं. चटकन वळला तर खळं लहान, सावकाश वळला तर मोठं. आता तेच खळं लांबच्या डोंगरावरून केवढं दिसतं ते मोजायचं. खरं केवढं आणि दिसतं केवढं, यावरून डोंगर किती लांब ते निघालं. आमच्या वाफेचा वेग तिच्या सुरावरून कळतो. ती किती लवकर वळते हे तो सूर वर्षानुवर्षं किती सरकतो यावरून कळतं. आणि ती दिसते केवढी, हे खंडभर पसरलेल्या दुर्बिणी एकत्र जोडून मोजतात.

काकांनी सगळं ऐकून घेतलं होतं आणि विचारलं होतं, “बैल कोन हाकतो?”

“कृष्णविवर.”

“ते दिसत नाय म्हन्तोस.”

“नाही दिसत.”

“बरं हाय. मालक दिसला नाय तरी बैल दिसतात.”

माझ्या वाट्याचं काम एकच: सूर दरवर्षी किती सरकतो ते काढायचं. त्यात एक गोम आहे. ज्या पृथ्वीवरून आपण ऐकतो ती स्वतःच सूर्याभोवती पळतेय. कधी त्या दीर्घिकेच्या दिशेने, कधी उलट, कधी आडवी. म्हणून प्रत्येक मोजणीत आपला स्वतःचा वेग मिळवावा लागतो, नाहीतर आपलंच पळणं वाफेच्या नावावर चढतं. सहा वर्षं प्रत्येक फाइलीत मी ही दुरुस्ती इमानाने मिळवत आलो. दात घासावेत तशी. विचार न करता.

आकडा निघाला तो असा: नऊ कोटी प्रकाशवर्षं. शिडीच्या त्या शनिवाराआधीच्या रविवारी मी नाक्यावर चहा पिता पिता तो सांगून टाकला. लोकांनी सवयीप्रमाणे साडेचार कोटी धरले. काकांनी मात्र बशी खाली ठेवली आणि विचारलं, “आकडा कोनी तपासला?”

“सरांनी,” मी म्हणालो.

सरांनी आलेख पाहिला होता, हे खरं. आलेख छान दिसतो म्हणाले होते, हेही खरं. फाइली त्यांनी उघडल्या नव्हत्या. पण नाक्यावर एवढं बारीक कोण सांगत बसतो?

काका उठले आणि थेट फळ्याकडे गेले. आमच्या नाक्यावर सिमेंटचा काळा फळा आहे. त्याचा खालचा अर्धा भाग खडूचा: तिथे रोजच्या भरतीची वेळ. वरचा अर्धा भाग ऑइलपेंटचा: तिथे गावाचं नाव काढणाऱ्याचं कौतुक, पुढचा कोणी नाव काढेपर्यंत. माझ्याआधी तिथे गावातल्या एका मुलीची जिल्ह्यातली भालाफेक चार वर्षं झळकत होती. काकांनी तिला विचारून यायला माणूस पाठवला. ती म्हणाली, नऊ कोटी माझ्या भाल्याहून जास्तच आहेत, पुसा. पुढच्या रविवारी संध्याकाळी पाच वाजता शाळेच्या पटांगणात सत्कार ठरला. आणि त्याच रविवारी रात्रीच्या विमानाने माझे सर परदेशातल्या परिषदेला निघणार होते, तोच आकडा बॅगेत घेऊन. माझा प्रबंध टाइप होऊन बांधायला तयार होता. मुदत मी इतक्या वेळा वाढवून घेतली होती की कचेरीतला शिपाई मला बघितलं की स्वतःच अर्ज काढून ठेवायचा.

मग आला गुरुवार. प्रबंधातला आलेख शेवटचा पाहून घ्यावा म्हणून मी काढला. सहा वर्षांचे ठिपके आणि त्यांतून गेलेली तिरपी रेघ. शेवटचे दोन ठिपके जरा वर. ते आधीही वर होते. सहा महिने मी त्यांच्याकडे ओळख न दाखवता बघत होतो, ज्याची उधारी थकवलीय तो माणूस नालासोपाऱ्याच्या बाजारात समोर यावा तसं. त्या दिवशी मात्र बघावंच लागलं. ते दोन ठिपके दुसऱ्या दुर्बिणीचे होते. आमची नेहमीची दुर्बीण दुरुस्तीला बंद होती म्हणून त्या दोन मोजण्या एका परदेशी दुर्बिणीवरून मागवल्या होत्या. आणि माझ्या डोक्यात एकच प्रश्न टपकन पडला. पृथ्वीच्या पळण्याची दुरुस्ती त्यांनी पाठवतानाच मिळवलेली असली तर?

मग मी ती दुसऱ्यांदा मिळवली होती.

ही चूक कुठल्याही संशोधकाने केली तर ती चूक. आमच्या घरातल्याने केली तर ते वंशपरंपरागत.

का ते सांगतो. आमची भातशेती खाडीच्या काठाला. भरतीचं खारं पाणी आत शिरू नये म्हणून बांध, आणि बांधात उघाडी, म्हणजे लाकडी झापेचं दार. ओहोटीला उघडायचं, भरतीच्या आत पाडायचं. उघाडीची जबाबदारी काकांची. छापील वेळापत्रकात भरतीची वेळ मुंबई बंदराची असते. आमच्या उघाडीशी पाणी पोचायला पाऊण तास जास्त लागतो. म्हणून काका छापील वेळेत पाऊण तास मिळवून फळ्यावर लिहायचे. माझ्या शाळेच्या दिवसांत एका पावसाळ्यात काका आजारी होते, म्हणून माझ्या वडिलांनी वेळा उतरवून आणल्या आणि भावाला त्रास नको म्हणून पाऊण तास आधीच मिळवून ठेवला. काका उठले, कागद पाहिला आणि नेमाप्रमाणे पाऊण तास मिळवला. काका झाप पाडायला बांधावर पोचले तेव्हा समुद्र आमच्या शेतात येऊन बसला होता. म्हणजे अगदी पाय पसरून. माझ्या आठवणीत आमच्या अंगणात सुरमई पोहत होती. वडील म्हणतात बोयटं होती, खाडीतली बारकी मासळी, आणि अंगणात नाही, वाफ्यात. दोन वर्षं त्या जमिनीत भाताने धड मान वर काढली नाही.

त्यानंतर दोन भावांत सहा महिने एकच वाक्य चाललं. “मी मिळवलं व्हतं!” “मी पन मिळवलं व्हतं!” जेवताना, झोपताना, लोकांच्या लग्नात. शेवटी काकांनी नियम काढला: जो पाऊण तास मिळवेल त्याने वेळेच्या बाजूला ‘मिळवलं’मधला ‘मि’ लिहायचा. ‘मि’ दिसला की हात लावायचा नाही. नसला की विचारायचं. आमच्या फळ्यावर आजही प्रत्येक वेळेशेजारी तो ‘मि’ असतो. बाहेरगावचे लोक त्याला मिनिटं समजतात.

त्या घरातला मी. पीएच.डी. करणारा.

तुम्ही म्हणाल, एवढी चूक सहा महिने दिसली कशी नाही? तिथेच तर ती लबाड होती. पृथ्वीचा वेग भलता मोठा. दीर्घिकेच्या सरळ दिशेने पळत असताना कोणी तो दोनदा मिळवला, तर ठिपका आलेख सोडून भिंतीवर जाईल आणि आंधळ्यालाही दिसेल. पण त्या दोन मोजण्यांच्या दिवसांत पृथ्वी जवळजवळ आडवी पळत होती. मिळवायचं ते थोडंसंच होतं. दोनदा मिळवलं तरी थोडंसंच. ठिपके जरासे वर, रेघ जराशी जास्त तिरपी. म्हणजे बैल आहे त्याहून चटकन वळतोय असं दिसलं. म्हणजे खळं लहान. म्हणजे दीर्घिका जवळ.

गुरुवारीच मी वसई स्टेशनजवळच्या सायबर कॅफेत जाऊन त्या दुर्बिणीच्या माणसाला ईमेल केला: तुमच्या फाइलींत पृथ्वीची दुरुस्ती आधीच असते का? कृपया लवकर कळवा. ‘लवकर’ मी तीनदा लिहिलं. शुक्रवारी उत्तर नाही. शनिवारी सकाळी कॅफेत गेलो तर वीज नाही. दुपारी गेलो तर वीज होती, उत्तर नव्हतं. कॅफेवाला म्हणाला, “साहेब, नोकरीचं पत्र येणारंय का?” मी म्हटलं, “जाणार आहे.” ताट मी तसंच मागे सारत होतो. आई म्हणाली सत्काराची धास्ती आहे. काकू म्हणाली दृष्ट लागली, आणि मिरच्या ओवाळल्या. मिरच्यांचा ठसका आला नाही, तेव्हा दृष्ट फार मोठी आहे असं ठरलं आणि पुन्हा ओवाळल्या. आमच्या घरात सगळंच दोनदा.

आणि चार वाजता शिडी धरायला मी.

“झाली सात!” पेंटर ओरडला.

काकांनी मागे सरकून बोट हलवत मोजली. “नवावर सात. बरोबर. किती लांब नेलीस रे पोरा.” त्यांनी माझ्या पाठीवर थाप मारली. मला एकदम वाटलं, आत्ता सांगावं. रंग ओला आहे तोवर. घासलेटचा बोळा फिरवला की संपलं. तोंड उघडलंही. तेवढ्यात काका पेंटरला म्हणाले, “सरांनी तपासलेला आकडा हाय, बरं का. याचा सोताचा नाय.”

मी तोंड मिटलं.

रविवारी दहाला कॅफे उघडायच्या आधीच मी शटरशी उभा होतो. उत्तर आलं होतं. दोन ओळी. त्या भल्या माणसाने लिहिलं होतं की दुरुस्ती आम्ही नेहमीच मिळवून पाठवतो, फाइलीच्या पहिल्याच ओळींत तशी नोंद असते. पुढे लिहिलं होतं, शुभेच्छा.

फाइलीच्या पहिल्याच ओळींत. त्यांनी ‘मि’ लिहिला होता. मी वाचला नव्हता.

घरी येऊन आलेखाच्या कागदावर पट्टी घेऊन बसलो. ते दोन ठिपके जागेवर खाली आणले. रेघ नव्याने ओढली. एकदा, मग भीतीने पुन्हा, मग पट्टी वाकडी असेल म्हणून बहिणीची पट्टी मागून तिसऱ्यांदा. प्रत्येक वेळी तेच: बैल सावकाश वळत होता. दीर्घिका अकरा कोटींवर जाऊन उभी राहिली.

मग पीसीओ. आत उकाडा, काचेवर कोणाच्या तरी मेव्हणीचा नंबर, आणि माझा घाम रिसीव्हरवरून कोपरापर्यंत.

“सर, मी बोलतोय.”

“पासपोर्ट सापडत नाहीये. लवकर बोल.”

“सर, आकडा चुकलाय.”

पलीकडे कपाटाचे खण उघडायचे थांबले.

“किती?”

“दोन कोटी.”

“कुठल्या बाजूला?”

“लांब.”

मी सगळं सांगितलं. दोन फाइली, दुसरी दुर्बीण, दोनदा दुरुस्ती. सरांनी मधे एकदाही तोडलं नाही, आणि सर न तोडता ऐकतात तेव्हा माणसाने घर बदलावं. शेवटी ते म्हणाले, “पहिल्या ओळी वाचल्या नव्हत्यास?”

“नाही सर.”

“मीही नाही वाचल्या.” आणि पुन्हा खण उघडत, “परिषदेत मी आकडा सांगणार नाही. पद्धत सांगेन. तू प्रबंध बांधायचा थांबव. सगळ्या फाइली, पहिल्यापासून, एकेक. सहा महिने तरी धर. त्यानंतरची मुदत मिळेलच असं मी सांगत नाही.”

“हो सर.”

“आणि हे आज सांगितलंस ते—” एवढं म्हणाले आणि त्यांना पासपोर्ट सापडला.

पाच वाजता पटांगणात मी म्हणतो हजार माणसं होती. तुमच्या सवयीने भागा. शाल झाली, नारळ झाला. काकांनी माइक हातात घेतला. त्यांना त्याची गरज नव्हती आणि माइकलाही ते झेपलं नाही, तो शिट्टी वाजवून बंद पडला. “आता आमचा पुतन्या बोलंल,” काका म्हणाले, आणि मला पुढे ढकललं.

नारळ पोटाशी धरून मी उभा राहिलो. म्हणालो, “फळ्यावरचा आकडा चुकलाय. नऊ नाही, अकरा कोटी. चूक माझी आहे. सरांनी तो तपासला नव्हता. त्यांनी तपासला असं मी सांगितलं ते खोटं होतं.”

मग मागून कोणीतरी म्हणालं, “म्हंजे यानं या खेपेला कमी सांगितलं?” आणि जो हशा पिकला, तो मी अजून ऐकतोय. भालाफेकवाली पोरगी एवढी हसली की तिला पाणी द्यावं लागलं. माझ्या वडिलांनी मान खाली घातली होती. काका हसले नाहीत. ते उठले आणि पटांगणातून निघून गेले.

मला ते फळ्याशी सापडले. संध्याकाळच्या भरतीची वेळ लिहीत होते. वेळ लिहिली, शेजारी ‘मि’ लिहिला, हात झटकला. माझ्याकडे बघितलं नाही.

“कसा चुकला?”

“दोनदा मिळवलं, काका.”

खडू त्यांच्या बोटांत तसाच राहिला. पटांगणातल्या हजार माणसांत, परदेशातल्या परिषदेत, माझ्या संस्थेत, एवढ्या दोन शब्दांत ही चूक आतपर्यंत समजणारा दुसरा माणूस नव्हता.

“पहिलं कोनी मिळवलं व्हतं?”

“पाठवणाऱ्याने.”

“त्यानं ‘मि’ लिवला नव्हता?”

“लिहिला होता. मी वाचला नाही.”

काकांनी वर पाहिलं. नवावर सात शून्यं पार फळ्याच्या कडेला टेकली होती. अकरा कोटी लिहायला एक घर जास्त लागलं असतं, आणि जागा नव्हती.

“प्रबंध?” त्यांनी विचारलं.

“थांबवला. सहा महिने सगळं पुन्हा मोजायचं. त्यानंतर घेतील की नाही, माहीत नाही.” मी फळ्यावरच्या नवाकडे बोट केलं. “काका, ती दोन कोटींनी लांब गेली.”

काकांनी खडू खिशात टाकला आणि उघाडीच्या वाटेला लागले.

“जाऊ दे,” ते म्हणाले. “आधी पन लांबच व्हती.”